वहिनींना न सांगता नऊ औषधं?

प्रश्न

ताई, नमस्कार.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. माझ्या थोरल्या भावाची बायको, वय ४७, मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका. गेल्या चवथीला गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधताना तिच्या उजव्या हातातून सुपारीचा घोस दोनदा सुटला. आम्ही हसण्यावारी नेलं. मग वर्गातल्या मुलांची नावं तिला आठवेनाशी झाली आणि एके दिवशी शाळेतच फिट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ दिसली. देवीचा कौल घेतला, ऑपरेशन केलं. रिपोर्ट आला ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४, म्हणजे मेंदूचा फार वेगाने वाढणारा कर्करोग. फाईलमध्ये 'एमजीएमटी मिथायलेटेड' असंही लिहिलंय, त्याचा अर्थ आम्हाला कळला नाही. रेडिएशन संपलं. आता टेमोझोलोमाइड या केमोच्या, महिन्यातून पाच दिवस घ्यायच्या कॅप्सूल चालू आहेत, दोन सायकल झाल्या. शिवाय डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, फिटसाठी फेनिटॉइन आणि बीपीसाठी अम्लोडिपिन. मावशी ताकद यावी म्हणून दशमूलारिष्ट देते.

मी रात्र रात्र वाचत बसतो. जर्मनीत या आजारावर नऊ जुनी औषधं एकत्र देऊन पाहिली आणि रुग्ण टिकले, असं वाचलं. यादी काढून ठेवली आहे. म्हापशाला माझ्या आतेभावाची फार्मसी आहे. त्यातलं एक औषध त्याला मिळत नाही, बाकीची आठ तो देतो म्हणाला. दादा म्हणतो, डॉक्टरांना विचारलं तर ते ओरडतील आणि वहिनीला सांगितलं तर ती घाबरेल, म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या म्हणून देऊया. सगळी औषधं जुनी, स्वस्त, लाखो लोक घेतात. मग गमवायचं काय?

— एक दीर

उत्तर

भाऊ, आधी उत्तर सांगते. घरच्या घरी, लपवून, व्हिटॅमिन म्हणून देऊ नका. तुमच्या आतेभावाने अजून पुडकं पाठवलं नसेल तर त्याला आजच फोन करून थांबवा. पाठवलं असेल तर ते वहिनींच्या गोळ्यांच्या डब्यापासून लांब ठेवा आणि पुढचं वाचा.

तुम्ही वाचलंत ते थोतांड नाही. या औषधांच्या टोळीला कस्प-९ म्हणतात. अमेरिकेतले रिचर्ड कास्ट आणि जर्मनीत उल्म इथले न्यूरोसर्जन मार्क-एरिक हालाच यांनी सहकाऱ्यांबरोबर ही कल्पना मांडली. यादी तुमच्याकडे आहेच: उलटीवरचं अप्रेपिटंट, संधिवातावरचं ऑरानोफिन, बीपीचं कॅप्टोप्रिल, सांधेदुखीचं सेलेकॉक्सिब, दारू सोडवायला देतात ते डायसल्फिराम, बुरशीवरचं इट्राकोनाझोल, मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक, एचआयव्हीचं रिटोनाव्हिर आणि नैराश्यावरचं सर्ट्रालिन. यांच्या जोडीला टेमोझोलोमाइडचा रोजचा छोटा डोस.

या मागचा विचार मला पटतो. ग्लिओब्लास्टोमाच्या एकाच गाठीत वेगवेगळ्या स्वभावाच्या पेशी असतात. एक वाट अडवली की त्या दुसऱ्या वाटेने वाढतात. क्षयरोगात एकच औषध दिलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून सुरुवातीला चार औषधं एकदम देतात, हे आपल्याकडे गावच्या आरोग्यसेविकेलाही माहीत असतं. तसं इथेही अनेक वाटा एकदम बंद करून बघू, असा हिशेब. जुन्या औषधांचा नवा उपयोग हीसुद्धा नवलाई नाही. गरोदर बायकांनी घेतल्याने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली म्हणून १९६१च्या सुमाराला बाजारातून काढलेलं थॅलिडोमाइड आज मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर रीतसर वापरतात. आर्सेनिकचंही तेच. त्याने रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगाचे रुग्ण पूर्ण बरे होतात.

आता उल्मला नेमकं काय झालं ते बघू. २०२१मध्ये निकाल छापून आला. रुग्ण होते दहा. एकदा उपचार होऊन गाठ परत आलेले. औषधं एकदम सुरू केली नव्हती. एकेक करून, कमी मात्रेत, हळूहळू वाढवत नेली, आणि बारीक लक्ष ठेवलं. तरीही रिटोनाव्हिर, टेमोझोलोमाइड, कॅप्टोप्रिल आणि इट्राकोनाझोल ही औषधं वारंवार कमी करावी लागली किंवा थांबवावी लागली. मळमळ, डोकेदुखी, थकवा, जुलाब आणि चालताना तोल जाणं हे त्रास जास्त दिसले. वर्षभरानंतर दहापैकी पाचजणांची गाठ वाढलेली नव्हती. परत आलेल्या ग्लिओब्लास्टोमात हे ऐकून कुणाचेही कान टवकारतील. माझेही टवकारले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. ज्यांची तब्येत इतकी औषधं सोसण्याएवढी बरी होती त्यांनाच घेतलं, तर ते तसेही थोडे जास्त टिकले असते का, हे दहा जणांवरून कुणी सांगू शकत नाही. चाचणी करणाऱ्यांनीही तेवढाच दावा केला: काळजीपूर्वक लक्ष ठेवलं तर हे मिश्रण देता येतं, पुढे मोठी चाचणी करायला हवी.

यादीतल्या एका औषधाची मोठी परीक्षा मात्र झाली आहे. डायसल्फिराम, सोबत तांबं, असं परत आलेल्या ग्लिओब्लास्टोमात केमोला जोडून नॉर्वे-स्वीडनकडे ८८ रुग्णांवर रीतसर चिठ्ठ्या टाकून, दोन गट पाडून तपासलं. २०२३ला निकाल आला. फायदा शून्य, त्रास जास्त. प्रयोगशाळेत हेच औषध झकास काम करत होतं.

आणि मेबेंडाझोल. हे तुमच्या यादीत नाही, पण तुम्ही जिथे जिथे वाचता तिथे ते भेटणारच, म्हणून सांगते. शाळेत मुलांना जंतासाठी देतात तसल्या गोळ्यांतलं औषध. त्याची गोष्ट गमतीची आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रयोगाच्या उंदरांना जंत झाले म्हणून त्याच कुळातलं जनावरांचं औषध दिलं, आणि नंतर त्या उंदरांच्या मेंदूत गाठ रुजेचना. त्यातून मेबेंडाझोलचा हा गुण लक्षात आला, २०११मध्ये ते छापून आलं. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलने ते माणसांवर तपासलं. परत आलेला ग्लिओब्लास्टोमा, ८८ रुग्ण, दोन गट, एकाला टेमोझोलोमाइडबरोबर आणि दुसऱ्याला लोमस्टिन या केमोच्या दुसऱ्या औषधाबरोबर. कृमीसाठी मेबेंडाझोल १०० मिलिग्रॅमच्या मापात देतात, इथे दिवसाला हजारोंच्या मापात दिलं. नऊ महिन्यांनी निदान ५५ टक्के रुग्ण हयात असावेत असं ध्येय होतं. प्रत्यक्षात एका गटात ३६.६ आणि दुसऱ्यात ४५ टक्के. २०२२ला त्यांनी सरळ लिहून टाकलं की ध्येय गाठलं नाही. आपल्याच लोकांवर, आपल्याच डॉक्टरांनी केलेली ही चाचणी. नेटवर मेबेंडाझोलचे गोडवे गाणारे तिचं नाव क्वचितच घेतात, याचा मला राग येतो.

या सगळ्यावरून दार बंद झालं असं समजू नका. झुरिकच्या संशोधकांनी २०२४मध्ये रुग्णांच्या ऑपरेशनमधून काढलेल्या ताज्या गाठींवर शंभराहून जास्त औषधं घालून पाहिली, त्यात व्होर्टिऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध उजवं ठरलं. ते मेंदूपर्यंत पोचतं, ही त्याची जमेची बाजू. पुष्कळ औषधं काचेच्या बशीत पेशी मारतात, पण रक्तातून मेंदूत शिरायची पाळी आली की बाहेरच अडतात. माणसांवरच्या चाचण्यांचा कस लागल्यावरच खरं कळेल.

आता तुमच्या 'गमवायचं काय' या प्रश्नाकडे येते. तो प्रश्न शेवटच्या टप्प्यातल्या, सगळे उपचार संपलेल्या रुग्णाच्या घरातून आला असता तर मी निराळं लिहिलं असतं. तुमच्या वहिनी त्या टप्प्यावर नाहीत. त्यांची गाठ परत आलेली नाही. आणि फाईलमधला जो शब्द तुम्हाला कळला नाही, तो त्यांच्या बाजूचा आहे.

एमजीएमटी हे पेशीतलं दुरुस्ती करणारं प्रथिन. टेमोझोलोमाइड कर्करोगाच्या पेशीच्या डीएनएला इजा करतं आणि एमजीएमटी ती इजा दुरुस्त करून टाकतं. 'मिथायलेटेड' म्हणजे ते प्रथिन बनवणारा जीन गप्प पडलेला. दुरुस्ती होत नाही, म्हणून टेमोझोलोमाइड जास्त लागू पडतं. २००५च्या ज्या मोठ्या चाचणीवर आजचा सगळा उपचार उभा आहे, तिच्यात ५७३ रुग्ण होते. नुसतं रेडिएशन दिलेल्यांपैकी दोन वर्षांनी १०.४ टक्के हयात होते, टेमोझोलोमाइड जोडल्यावर २६.५ टक्के. त्यातही मिथायलेटेड गाठ असलेल्यांना सर्वांत जास्त लाभ झाला. हे आकडे गोड नाहीत, मला माहीत आहे. पण वहिनींच्या हातात आज जे सर्वांत भक्कम औषध आहे ते टेमोझोलोमाइड, आणि ते दर महिन्याला वेळेवर मिळण्यासाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स पुरेशा असाव्या लागतात. त्या घसरल्या की डॉक्टर सायकल पुढे ढकलतात, डोस कमी करतात, कधी बंदही करतात. तुमच्या त्या आठांमधलं काही रक्तपेशींवर किंवा यकृतावर उलटलं, तर डॉक्टरांना वाटेल टेमोझोलोमाइडच सोसत नाही. आणि ते तेच थांबवतील. गमवायचं आहे ते हे.

दुसरं, तुमची आठ आणि त्यांची आत्ताची औषधं शेजारी मांडून बघा. मी कागदावर मांडून पाहिली. फेनिटॉइन यकृताला जोरात कामाला लावतं, त्यामुळे इट्राकोनाझोल रक्तात टिकतच नाही, पैसे पाण्यात. उलट इट्राकोनाझोल आणि रिटोनाव्हिर त्याच यकृताला ब्रेक लावतात, मग अम्लोडिपिन आणि डेक्सामेथासोन अंगात साचू शकतात. त्यावर कॅप्टोप्रिल, म्हणजे बीपीचं आणखी एक औषध. सकाळी न्हाणीत उठताना चक्कर येऊन पडल्या तर डोक्यावर ऑपरेशनची जागा आहे. डेक्सामेथासोनबरोबर सेलेकॉक्सिब पोटात रक्तस्राव करू शकतं, सर्ट्रालिन त्यात भर घालतं, केमोमुळे प्लेटलेट्स आधीच कमी असू शकतात. मिनोसायक्लिनने क्वचित डोक्यातला दाब वाढतो.

डायसल्फिरामने तर फेनिटॉइनची रक्तातली पातळी चढते. ती चढली की माणूस झोकांड्या खातो, दोन-दोन दिसतं, जीभ जड होते. मेंदूत गाठ असलेल्या बाईला असं झालं की घरातले काय समजतील? गाठ वाढली. डॉक्टरही तेच समजतील, कारण तुम्ही त्यांना दुसरं काही सांगितलेलं नसेल. घाईने एमआरआय, स्टिरॉइडचा डोस दुप्पट, घरात रडारड. कारण मात्र व्हिटॅमिनच्या डबीत.

मावशींचं दशमूलारिष्ट राहिलंच. आसव-अरिष्टांमध्ये आंबण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर छापलेलं असतं, वाचा. डायसल्फिराम चालू असताना त्याचे दोन चमचे पोटात गेले तरी चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या. खोकल्याची काही सिरप, सूर (माडाची ताडी) घातलेली इडलीसारखी सान्नां, हेही त्याच रांगेत. उर्राक किंवा फेणीचा प्रश्न नसला तरी आपल्या गोव्याच्या घरात अल्कोहोल किती वाटांनी येतं ते मोजायला बसलात तर थक्क व्हाल. (दशमूलारिष्टाबद्दल डॉक्टरांना सांगितलंत का? नसेल तर तेही सांगा. मावशी रागावल्या तर माझं नाव पुढे करा.)

आणि आतेभावाला मिळत नाही म्हणून एक औषध गाळून आठ द्यायची, हे तर उल्मला कुणीही तपासलेलं नाही. तो तुमच्या घरचा स्वतंत्र प्रयोग झाला. शिवाय त्याला विचारा, चिठ्ठीशिवाय अशी औषधं देणं त्याच्या लायसन्सला परवडेल का.

तर करायचं काय? पुढच्या ओपीडीला तुमची यादी स्वच्छ अक्षरात लिहून न्या. लपवून ठेवलेलं काही असेल तर तेही, अरिष्टासकट. डॉक्टर ओरडले तर ओरडू देत, दोन मिनिटांत शांत होतात. 'ही नऊ सुरू करू का' असं विचारू नका, तिथे नकारच मिळेल. असं विचारा: वहिनींना जे काही तसंही लागणार आहे, त्यात या यादीतलं काही बसतं का? उदाहरणार्थ, त्या गप्प-गप्प राहत असतील, रात्री झोप नसेल, तर नैराश्याचा उपचार करायलाच हवा, या आजारात ते फार दिसतं आणि फार दुर्लक्षित राहतं. मग कुठलं औषध द्यायचं ते ठरवताना सर्ट्रालिनचा विषय निघू शकतो. केमोची मळमळ नेहमीच्या गोळ्यांनी आवरत नसेल तर अप्रेपिटंटचा. औषध मुळात त्यांच्या त्रासासाठीच दिलेलं असेल, गाठीवर काही परिणाम झाला तर वरकड. जुनी औषधं नव्या कामाला लावायचा हा मार्ग मला मान्य आहे, कारण तो डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून जातो.

फेनिटॉइनऐवजी लेव्हेटिरासिटाम चालेल का, हेही विचारा. त्याचं इतर औषधांशी फारसं वाकडं नसतं, म्हणून मेंदूच्या गाठीत पुष्कळ ठिकाणी तेच देतात. पण फेनिटॉइन स्वतःहून एक दिवसही बंद करू नका, फिट येईल.

दुसरं मत हवं असेल तर वहिनींना कोकणकन्येत बसवून मुंबईला नेण्याची घाई नको. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून फाईल पाठवून मागवता येतं. बायोप्सीचे ब्लॉक (गाठीचे मेणात जपलेले तुकडे) आणि एमआरआयच्या सीडी मात्र आत्ताच मागून घरी सांभाळून ठेवा, पुढे कुठेही गेलात तरी त्याच मागतात. आणि तुम्ही रात्री वाचताच आहात, तर भारतातल्या औषधचाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, उघडा. २००९पासून इथल्या चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची आहे. 'ग्लिओब्लास्टोमा' टाकून शोधा, काय चालू आहे, कुठे, कोणाला घेतात ते दिसेल. रीतसर चाचणीत औषधाने इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर असते, २०१९च्या नियमांत ते लिहिलेलं आहे. व्हिटॅमिनच्या डबीला असं कुणी मागे नसतं. एक लक्षात घ्या, बरेचदा चाचणीत घेताना आधी घेतलेल्या इतर औषधांचा इतिहास विचारतात, आणि घरगुती प्रयोगामुळे दार बंद होऊ शकतं.

आता दादांशी बोलायचं ते. वहिनी घाबरेल म्हणून सांगायचं नाही, असं ते म्हणतात. ज्या बाईला शाळेत मुलांसमोर फिट आली, डोक्याचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे मास्क घालून रेडिएशनच्या टेबलावर निजली, ती आता आठ गोळ्यांच्या नावाने घाबरेल? मला वाटतं घाबरलेत दादा, आणि ते साहजिक आहे. पण गोळ्या तिच्या पोटात जाणार आहेत. तिला विचारायला हवं, आणि लवकर विचारायला हवं. गाठ डाव्या बाजूला आहे, नावं आठवेनाशी झाली म्हणता, म्हणजे भाषेच्या जागेच्या आसपास. आज त्या बोलू शकतात, होय-नाही म्हणू शकतात. पुढे कधी शब्द सापडेनासे झाले तर त्यांच्या वतीने ठरवायची पाळी तुमच्यावर येईल, आणि तेव्हा त्यांना काय हवं होतं हे कुणालाच माहीत नसेल. आणखी औषधं हवीत का, किती त्रास चालेल, कधी पुरे म्हणायचं, शाळेत एकदा जाऊन यायचंय का, हे सगळं आत्ता विचारा. एका बैठकीत नको. दादांना जमत नसेल तर तुम्ही विचारा. दीर-भावजयीत कधी कधी नवरा-बायकोपेक्षा सरळ बोलणं होतं. पेलिएटिव्ह केअरची, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणारी, टीम असेल तर तिलाही आत्ताच भेटा. तिचं काम शेवटच्या दिवसांपुरतं नसतं, डोकेदुखी, झोप, मळमळ हे ते लोक इतरांपेक्षा चांगलं सांभाळतात.

आतेभावाला दुखवू नका, त्याने मायेपोटीच हो म्हटलं. त्याला खरं काम द्या. वहिनींच्या सगळ्या औषधांची एक यादी त्याने ठेवावी, तारखेसकट, आणि कुठलंही नवीन औषध आलं, अगदी सर्दीची गोळी असली तरी, त्या यादीशी ताडून बघावं. टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल उघडायच्या किंवा फोडायच्या नाहीत, उपाशीपोटी घ्यायच्या, आणि पाच दिवसांच्या कॅप्सूल महिना संपायच्या आत दुकानात हजर असल्या पाहिजेत, एवढं त्याने सांभाळलं तरी खूप झालं. रक्ततपासणीचे आकडे एका वहीत एकाखाली एक लिहीत जा. पुढच्या सायकलच्या आधी प्लेटलेट्स किती आहेत ते मला कळवा, आणि डॉक्टर काय म्हणाले तेही.